दोन तासांवरचा लिंक्स पुढे का सरकत नाही?

इंगोलश्टाटमधल्या मराठी कुटुंबांच्या सहलींची यादी काढली तर त्यात बायरिशर वाल्ड हमखास असतो. रेगेन्सबुर्ग मागे टाकायचं, डेगेनडोर्फला डोंगराकडे वळायचं आणि साधारण दोन तासांत राष्ट्रीय उद्यानात पोचायचं. नॉयशोनाउला झाडांच्या शेंड्यांवरून चालायची ती लाकडी वाट, मुलांना आइस्क्रीम, आणि शेजारच्या मोठ्या कुंपणात अस्वल, लांडगा, लिंक्स. लिंक्स दिसला तर नशीब. बहुतेक वेळा तो खडकावर अंग पसरून झोपलेला असतो आणि आपण दहा मिनिटं त्याला दगड समजून पुढे निघून जातो.

त्या कुंपणापलीकडच्या लिंक्सबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. कुंपणातल्याचं बरं चाललं आहे. बाहेरच्याला पन्नास वर्षं होऊन गेली तरी आपला मुलूख म्हणावा तसा वाढवता आलेला नाही, आणि त्याचं कारण जंगल कमी आहे हे नाही. कारण बंदूक आहे, आणि तिचा तपास नीट होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. जर्मनमध्ये त्याला लुक्स म्हणतात. हा युरेशियन लिंक्स, म्हणजे लडाखमध्ये सापडतो तीच जात. वजन १८ ते ३० किलो, म्हणजे बिबट्यापेक्षा बराच लहान आणि आपल्या रानमांजराच्या कितीतरी पट मोठा. कानांच्या टोकांवर काळे झुबके, तोकडी शेपटी, आणि बर्फात रुतू नयेत असे पसरट, केसाळ पंजे. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंवरून कोण कोणता ते ओळखता येतं. वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, तसंच.

हा पाठलाग करणारा प्राणी नाही. दबा धरतो, काही मीटरची झेप घेतो, गळा धरतो. जमलं तर जमलं, नाही तर सोडून देतो. त्याचं मुख्य खाणं म्हणजे रेह, आपल्या भेकराच्या जवळपास जाईल असं लहानसं हरीण. एक हरीण मारलं की तीन-चार रात्री, कधी त्याहून जास्त, तो त्याच जागी परत येऊन खातो. हिशेब साधारण आठवड्याला एक. वर्षाला पन्नास-साठ.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात लिंक्सचा जवळजवळ सफाया झाला. हार्त्स डोंगरातला एक शेवटचा लिंक्स १८१८ साली मारला गेला, आणि त्या पराक्रमाची आठवण म्हणून तिथे चक्क दगड उभारलेला आहे. बव्हेरिया आणि बोहेमियाच्या सीमेवरच्या डोंगरांमधूनही तो त्याच शतकात नाहीसा झाला. १९७० मध्ये बायरिशर वाल्ड हे जर्मनीतलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच सुमाराला काही लिंक्स तिथे सोडले गेले. हे काम फारसा गाजावाजा न करता, सरकारी शिक्कामोर्तबाशिवाय झालं. मोजके प्राणी होते, टिकाव लागणं कठीण होतं. खरा पाया घातला गेला पलीकडे, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात. १९८२ ते १९८९ या काळात स्लोव्हाकियातल्या कार्पेथियन डोंगरांत पकडलेले सतराएक लिंक्स शुमावाच्या जंगलात सोडण्यात आले. लोखंडी पडद्याच्या कडेला, जिथे माणसाला फिरायची बंदी होती, तिथे त्यांनी संसार थाटला. आज बव्हेरिया, चेकिया आणि ऑस्ट्रिया मिळून जे लिंक्स आहेत ते बहुतांशी त्यांचेच वंशज.

सुरुवातीला संख्या भराभर वाढली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती थांबली आणि पुढची पंधराएक वर्षं जवळपास तिथेच रुतून बसली. अलीकडे पुन्हा थोडी हालचाल आहे, पण संपूर्ण जर्मनीत, हार्त्स आणि फाल्त्सचं जंगल धरून, स्वतंत्र वावरणारे लिंक्स सव्वाशे-दीडशेच्या आसपास. २०२० च्या जर्मन लाल यादीत त्याची नोंद सर्वांत धोक्याच्या वर्गात आहे. जगभराचा विचार केला तर ही जात अजून सुरक्षित गणली जाते, कारण रशिया आणि स्कँडिनेव्हियात ती भरपूर आहे. पण सायबेरियात लिंक्स आहेत म्हणून बव्हेरियात नसले तरी चालतील, हे म्हणणं मला ताडोब्यात वाघ आहेत म्हणून सह्याद्रीत नसले तरी चालतील म्हणण्यासारखं वाटतं.

संख्या का थांबली? जंगलात हरणं भरपूर आहेत. झाडी आहे, खडक आहेत, वादळात पडलेल्या आणि मुद्दाम न हलवलेल्या झाडांचे ढीग आहेत. पिल्लं लपवायला मादीला याहून चांगली जागा मिळणार नाही. उद्यानातले शास्त्रज्ञ मार्को हॉयरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की दोन्ही राष्ट्रीय उद्यानांच्या आत लिंक्स जगतात आणि वाढतात, पण बाहेर पडले की नाहीसे होतात, आणि त्याचं मोठं कारण बेकायदा शिकार आहे. वरच्या नळातून पाणी येतंय आणि खालची बूच उघडी आहे, अशी ती टाकी.

बूच उघडी असल्याचे पुरावे कागदावरचे नाहीत. २०१२ मध्ये टेसा नावाची, गळ्यात संशोधकांचा पट्टा असलेली मादी मेलेली सापडली. कोणीतरी हरणाच्या मांसावर कार्बोफ्युरान टाकून ठेवलं होतं. या कीटकनाशकावर युरोपात तेव्हा आधीच बंदी होती. पुढच्या वर्षी एका गाभण मादीला गोळी घातली गेली. आणि मे २०१५ मध्ये लाम गावाजवळच्या खोऱ्यात दोन लिंक्सचे कापलेले चार पुढचे पाय सापडले. पायांचा उपयोग काय? काही नाही. माझ्या मते तो निरोप होता.

आता वर सांगितलेला आकडा काढा. दीडशे लिंक्स, प्रत्येकी वर्षाला पंचावन्न हरणं, म्हणजे सव्वाआठ हजार. जर्मनीत शिकारी दरवर्षी बारा लाखांच्या आसपास रेह मारतात आणि आणखी साधारण दोन लाख रस्त्यांवर गाड्यांखाली जातात. शिकाऱ्यांच्या वाट्याशी तुलना केली तर लिंक्सचा वाटा शंभरात एकसुद्धा भरत नाही. शिवाय बव्हेरियातल्या जंगलमालकांची तक्रार नेमकी उलटी असते. हरणं फार झाली आहेत, ती फर आणि बीचची कोवळी रोपं खुडतात, नवं जंगल उभं राहू देत नाहीत. म्हणजे लिंक्स फुकटात त्यांचंच काम करतो आहे.

मग राग कसला? इथे शिकारीची व्यवस्था समजून घ्यावी लागते, कारण आपल्याकडे तसं काही नाही. जर्मनीत शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. लहान जमीनमालक एकत्र येतात आणि आपला टापू वर्षानुवर्षांच्या कराराने शिकाऱ्याला भाड्याने देतात. शिकारी पैसे मोजतो, परीक्षा देऊन परवाना काढतो, मचाण बांधतो, रात्र रात्र बसतो. वर, किती हरणं मारायची त्याचा आराखडा त्याला पाळावा लागतो. त्या टापूत लिंक्स आला की हरणं बिथरतात, उघड्यावर येईनाशी होतात, शिकार अवघड होते. मेलेली हरणं मोजली तर नुकसान किरकोळ, पण ‘माझ्या’ जंगलात दुसरा कोणीतरी शिकार करतोय ही भावना किरकोळ नसते. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. सकाळी साडेचारला थंडीत मचाणावर बसणाऱ्या माणसाला आपल्या त्या तुकड्याबद्दल जे वाटतं ते मला समजू शकतं. आणि हेही खरं की कित्येक शिकारी स्वतःच्या कॅमेऱ्यांत आलेले लिंक्सचे फोटो प्रामाणिकपणे कळवतात. त्यांच्याशिवाय ही मोजणी झालीच नसती.

पण गणित त्यांच्या बाजूने नाही. एका मादीचा मुलूख शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, नराचा चारशेपर्यंत जातो. शंभर चौरस किलोमीटर म्हणजे दहा हजार हेक्टर. शिकारीचा एक टापू पाचशे हेक्टरचा धरला तर एकच मादी वीस टापूंमधून फिरते, नर ऐंशीमधून. एकोणऐंशी शिकारी सज्जन असून उपयोग नाही. ऐंशीव्याने एकदा चाप ओढला की संपलं. आणि मादी जर शरद ऋतूत गेली तर तिच्याबरोबर त्या वर्षीची पिल्लंही जातात, कारण मे-जूनमध्ये जन्मलेली ती पिल्लं पुढच्या वसंतापर्यंत आईशिवाय जगू शकत नाहीत. एरवीही निम्मी पिल्लं पहिल्या वर्षात मरतात. अशा प्राण्याला वर्षाकाठी दोन-चार जास्तीचे मृत्यूसुद्धा झेपत नाहीत.

म्हणूनच ‘आणखी एक राष्ट्रीय उद्यान करा’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. आपल्या इंगोलश्टाटला हा वाद घरचा आहे. होर्स्ट झीहोफर, आपल्याच गावचे, मुख्यमंत्री असताना २०१६ मध्ये बव्हेरियात तिसरं राष्ट्रीय उद्यान करायची घोषणा झाली आणि नॉयबुर्ग ते इंगोलश्टाट या पट्ट्यातलं डॅन्यूबकाठचं पूरवन त्या शर्यतीत होतं. जंगलमालकांचा विरोध झाला, २०१८ मध्ये झ्योडर आले आणि विषय गुंडाळला गेला. उद्यान व्हायला हवं होतं, बीव्हरसाठी, पाणपक्ष्यांसाठी, त्या जुन्या ओकांसाठी. पण लिंक्सला त्याने काय मिळालं असतं? बायरिशर वाल्डचं अख्खं उद्यान सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर आहे. त्यात दोन-तीन माद्यांचे मुलूख कसेबसे बसतात. शुमावा धरला तरी हजाराच्या आत. लिंक्सचं आयुष्य उद्यानाबाहेरच घडतं किंवा बिघडतं. हिवाळ्यात तर बर्फ वाढला की हरणं खाली खोऱ्यांत उतरतात आणि त्यांच्या मागोमाग तोही गावांच्या कडेला येतो.

आपल्यापैकी अनेकांना इथे एकदम जुन्नर आठवेल. आठवायलाच हवं. मराठी मंडळींच्या गप्पांत याबाबत दोन ठाम मतं ऐकू येतात. एक, जर्मन लोक किती निसर्गप्रेमी, आपल्याकडे बिबट्या दिसला की जमाव काठ्या घेऊन धावतो. दुसरं, बरोबर उलटं: आपण वाघोबाला देव मानणारे, हे लोक एका मांजराला घाबरतात. दोन्ही मतं ऐकायला छान आणि दोन्ही अर्धवट.

विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात, उसाच्या शेतांत आणि वस्त्यांच्या अधेमधे, कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ मध्ये छापलेला त्यांचा आकडा होता शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे. बायरिशर वाल्डमध्ये तेवढ्याच जागेत एक-दोन लिंक्स असले तर खूप. आणि बिबट्या माणूस मारू शकतो. लिंक्सपासून माणसाला धोका नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागात वसुबारसेला वाघबारस साजरी होते, वाघोबाच्या ठाण्यांवर नैवेद्य जातो. ही सहनशीलता खरी आहे. पण जुन्नर-शिरूरमध्ये मुलं दगावली आहेत, लोकांचा संताप रस्त्यावर आला आहे, आणि विहिरीत पडून, फासात अडकून, गाड्यांखाली मरणाऱ्या बिबट्यांची यादीही लांब आहे. सहनशीलता कोणत्याही समाजाच्या रक्तात नसते. ती रोजच्या व्यवहारातून येते: नुकसानभरपाई वेळेवर मिळते का, वनखात्याचा माणूस फोन उचलतो का, नियम मोडणाऱ्याला काही होतं का.

जुन्नरने आणखी एक धडा दिला, तो बव्हेरियासाठी उलट्या अंगाने उपयोगी आहे. वीसेक वर्षांपूर्वी तिथे पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले गेले आणि जिथे सोडले तिथे हल्ले वाढले, असं अत्रेय यांनीच दाखवलं. बिबट्याला उचलून हलवणं घातक ठरलं. लिंक्सला मात्र उचलून हलवण्याची गरज आहे. तरुण नर लांब लांब भटकतात, पण माद्या शक्यतो आईच्या मुलुखाला लागूनच घर करतात. त्यामुळे वस्ती तेलाच्या डागासारखी हळूहळू पसरते, उडी मारत नाही. मध्ये ए-३ महामार्ग, डॅन्यूब, शेतं, आणि तो ऐंशीवा शिकारी. आल्प्सच्या बव्हेरियन बाजूला अजूनही लिंक्सची स्थिर वस्ती नाही, नकाशावर अंतर फार नसूनही. आणि मूठभर पूर्वजांपासून वाढलेल्या, एकमेकींपासून तुटलेल्या अशा वस्त्यांमध्ये जनुकीय वैविध्य घटत चाललं आहे. पुन्हा वसवलेल्या युरोपियन लिंक्सच्या जनुकांचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास हेच सांगतो आणि तातडीने काहीतरी करा म्हणतो. शेजारच्या राज्यांनी सुरुवात केली आहे. फाल्त्समध्ये २०१६ ते २०२० या काळात वीस लिंक्स सोडले, २०२३ च्या डिसेंबरात ब्लॅक फॉरेस्टमध्ये एक मादी सोडली, त्यानंतर थुरिंगियाच्या जंगलातही काम सुरू झालं. तिथली वस्ती टिकली तर हार्त्स आणि बायरिशर वाल्ड यांच्यामधला दुवा जुळू शकतो. बव्हेरिया, ज्याच्याकडे सगळ्यांत आधीपासून लिंक्स आहेत, तो यात मागे राहिला ही मला चीड आणणारी गोष्ट वाटते.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी स्पेनकडे पाहावं. तिथला आयबेरियन लिंक्स ही वेगळी, आणखी लहान जात. २००२ मध्ये ते शंभरही उरले नव्हते. २०२३ च्या गणतीत दोन हजारांवर गेले, आणि २०२४ मध्ये ‘धोक्यात’ या वर्गातून ती जात एक पायरी वर आली. त्यासाठी बंदिस्त जागेत पिल्लं वाढवली, खाजगी जमीनमालकांशी करार केले, सशांची संख्या वाढवली. पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. स्पेनमध्ये गुआर्डिया सिविल या पोलीस दलाचा निसर्गविषयक गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे, १९८८ पासून. विष हुंगून काढणारी कुत्री आहेत. मेलेला लिंक्स सापडला तर तो गुन्ह्याची जागा मानली जाते.

जर्मनीत कायदा कमी कडक आहे का? मुळीच नाही. लिंक्सला वर्षभर शिकारबंदी आहे, युरोपीय कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याला जाणूनबुजून मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अडतं ते तपासावर. प्रेत बहुधा सापडतच नाही. सापडलं तर ते महिन्यांनंतर. ज्या खोऱ्यात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे साक्ष कोण देणार? अशी प्रकरणं स्थानिक चौकीच्या टेबलावर चोरलेल्या सायकलीच्या शेजारी पडून राहिली तर त्यांचं काय होणार हे सांगायला नको. माझी मागणी साधी आहे: बव्हेरियाच्या पोलिसांत प्राण्यांच्या गुन्ह्यांसाठी प्रशिक्षित, राज्यभर अधिकार असलेलं एक छोटं पथक हवं, आणि शिक्षा झालेल्याचा शिकार परवाना कायमचा जायला हवा. यासाठी एक इंचही नवी जमीन लागत नाही. आणि याचा फायदा विषाने मरणाऱ्या गरुडांना आणि घारींनाही होईल.

‘आपण परके, आपलं कोण ऐकणार’ हे मी इथल्या दिवाळी कार्यक्रमांत इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचं उत्तर पाठ झालंय. जर्मन राज्यघटनेचं १७ वं कलम अर्ज करण्याचा हक्क नागरिकाला नव्हे, ‘प्रत्येकाला’ देतं. म्युनिकच्या विधानसभेकडे अर्ज पाठवायला ब्लू कार्ड आड येत नाही. २०१९ मध्ये मधमाश्या वाचवण्यासाठीच्या जनमागणीवर बव्हेरियातल्या सतरा लाखांहून जास्त मतदारांनी रांगा लावून सह्या केल्या. तिथे मात्र नागरिकत्व लागत होतं. आता आपल्यापैकी कितीतरी जण नागरिक झाले आहेत, तेव्हा पुढच्या वेळी तीही सबब नाही.

बाकी रोजच्यातलं सांगायचं तर: बायरिशर वाल्डच्या रस्त्यांवर संध्याकाळी आणि पहाटे गाडी हळू चालवा. रेह आडवं आलं आणि धडक बसली तर निघून जाऊ नका, ११० ला कळवा. बर्फात मांजरासारखे गोल, नखं न उमटलेले, तळहाताएवढे ठसे दिसले तर शेजारी काडेपेटी किंवा किल्ली ठेवून, माप कळेल असा फोटो काढा आणि ठिकाण, तारीख, वेळ लिहून बव्हेरियाच्या पर्यावरण कार्यालयाकडे, म्हणजे लांडेसआम्ट फ्यूर उमवेल्टकडे पाठवा. तो फोटो इन्स्टाग्रामवर ठिकाणासकट टाकू नका. तो ऐंशीवाही इन्स्टाग्रामवर असतो. लिंक्सच्या मोजणीचं वर्ष १ मे ला सुरू होतं आणि ३० एप्रिलला संपतं, आणि ठसे सापडायची सगळ्यांत जास्त शक्यता फेब्रुवारी-मार्चमध्ये, जोडीदार शोधत नर दूरवर फिरत असतात तेव्हा. बायरिशर वाल्डची सहल उन्हाळ्यातच काढायची असं कुठे आहे?